गमक

उजगरे मिस शरणपूरच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या.
नाशिक सोडताना त्यांनी मला एक जाडजूड पुस्तक दिलं,
पाठीला खाकी चिकटपट्टी, पानांना डांबरगोळीचा वास.
स्वरांच्या दागिन्यांची जुनी इंग्रजी नावं होती त्यात,
आणि समासात मिसची पेन्सिल: मराठीत काय?

मराठीत काय, ते मी अण्णांना विचारायचे.
अण्णा म्हणजे सुखदेव गांगुर्डे,
एक्झामिनर, नोट प्रेस, नाशिकरोड.
छत्तीस वर्षं जगाचे पैसे मोजले.
शाई फुटलेली, रेघ सरकलेली, नंबर तिरका गेलेली
अंगठ्यानेच कळायची, बाजूला निघायची.
भोंगा झाला की जेलरोडने सायकल, घर, चहा,
मग पेटी.

नोट, मी वाचायचे.
"हिला पुस्तक कशाला लागतं?"
ग्रेस नोट.
"तुला बीजगणितात मिळाले होते ना, चार?
हिशोबात धरत नाहीत, पण तेच पास करतात."
मॉर्डंट. मुळातला अर्थ, चावा.
"बरोबर. शाई कागदाला चावली पाहिजे,
नुसती टेकली तर घामाने जाते."
शेक.
ट्रिल म्हणायची रीत पडण्याआधी इंग्रज म्हणायचे शेक:
शेजारशेजारचे दोन स्वर, एकाआड एक, भरभर.
अण्णांनी भाता थांबवला.
मी म्हटलं, म्हणजे गमकच की.
"नाही.
ती बेंबीतून येते. तिच्यात स्वर एकटा हलत नाही,
अख्खा माणूस हलतो.
पेटीवर तर निघतच नाही. पट्टी म्हणजे सरकारी खुर्ची,
हिच्यावरून उठायचं, तिच्यावर बसायचं,
मधे काही नाही."
मग डोळे मिटून त्यांनी गाऊन दाखवली.
मांडणीतल्या वाट्या किणकिणल्या.
शेकच्या पुढची जागा मी कोरी सोडली.

ती कोरीच राहिली. मिसचं पत्र एक ख्रिसमस आलं नाही,
दुसऱ्या ख्रिसमसला त्यांच्या भाचीचं आलं.
मी लग्न होऊन सिन्नरला गेले, पुस्तक माहेरीच.

परवा गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी
अण्णांना हात मांडीवर सैल सोडायला सांगितला.
अंगठा तर्जनीवर घासत होता, घासत होता,
हवेतून एकेक नोट ओढून घेतल्यासारखा.
"कधीपासून आहे?"
आई म्हणाली, "आम्हाला वाटलं मोजतायत.
नोकरीची सवय."
डॉक्टर लिहीत होते. मी उलटं वाचलं, ट्रेमर.
मग त्यांनी पेन मिटलं आणि आमच्यासाठी मराठीत,
हळू आवाजात म्हणाले,
"हात स्वस्थ असताना हलतो,
हेच या आजाराचं गमक."

अण्णांनी मान वर केली.
शर्टाच्या बाहीने चष्मा पुसावा, तसं काहीतरी
त्यांच्या चेहऱ्यावरून फिरलं.

रिक्षा सीबीएसच्या सिग्नलला उभी होती.
"लिहून टाक बाईंच्या पुस्तकात," ते म्हणाले,
"शेक म्हणजे गमक. आता डॉक्टरांची सही आहे."
आणि हसले, एकटेच.

रात्री मी कोश उघडला.
गम्, जाणे. गमक, नेणारे, कळवणारे.
नेणारे कुठे, ते कोश सांगत नाही.
पेन्सिलीला टोक नव्हतं. निदान मी तसं ठरवलं.

बाहेरच्या खोलीत पेटी वाजली.
भाता आईच्या हातात. अण्णांची बोटं मध्यम आणि पंचमावर,
मध्यम पंचम मध्यम पंचम,
मिसने कौतुक केलं असतं इतकी भरभर,
इतकी सारखी की कुठली नोट बाजूला काढावी
हे अण्णांनाही सांगता आलं नसतं.

आईने विचारलं, "किती झाल्या?"

"मधेच बोलतेस," ते म्हणाले.
"आता पुन्हा एकपासून."